पिचिंगमुळे मुलाचं कोपर दुखतंय, काय करावं?

परळची_आई:
लेक 13 वर्षांचा, शाळेच्या बेसबॉल टीमचा पिचर, म्हणजे बॅटरला बॉल फेकणारा. मॅच झाली की कोपराची आतली बाजू दुखते. बाम लावला की थांबतं, पुढच्या मॅचला पुन्हा तेच. क्रिकेटचे सर म्हणतात, हात सरळ ठेवून टाक. बेसबॉलचे सर म्हणतात, सवय होईल. ॲक्शन बदलायची का? दाखवायचं कुणाला?

गल्ली_ऑलराउंडर:
शिवाजी पार्कच्या एवढ्या जवळ राहून बेसबॉल! कौतुक आहे पोराचं. बाकी जाणकार सांगतीलच.

डावखुरा_पिचर:
ताई, आधी पिचिंग बंद. या वयात कोपराच्या आतल्या हाडाची वाढ चालू असते आणि दर फेकीला तिथली ग्रोथ प्लेट, म्हणजे हाड जिथून वाढतं तो मऊ भाग, ओढली जाते. मोठ्यांमध्ये हाच ताण कोपर आतून बांधून ठेवणाऱ्या यूसीएल या लिगामेंटवर येतो. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमधला पिचर टॉमी जॉन, त्याचं तेच गेलं होतं. 1974 साली डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या दुसऱ्या हाताचं टेंडन काढून तिथे बसवलं.

क्रिकेटच्या सरांचं इथे ऐकू नका. बोलिंगमध्ये कोपर 15 अंशांहून जास्त सरळ झालं की चकिंग. पिचिंगमध्ये तर वाकलेलं कोपर झटक्यात सरळ होतंच.

ॲक्शन बघायची तर दुखणं पूर्ण थांबल्यावर स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढा. पुढचा पाय जमिनीला टेकतो, तिथे पॉज करा. उजव्या हाताचा असेल तर छाती तेव्हा अजून तिसऱ्या बेसकडे, म्हणजे बॅटरकडे बघताना उजवीकडे, हवी, कोपर खांद्याच्या रेषेत, बॉल वर आलेला. पाय टेकायच्या आतच छाती बॅटरकडे उघडली की हात मागे राहतो. मग तो पुढे खेचताना सगळा भार कोपरावर. दमलेल्या पोराचं हमखास असं होतं, म्हणून पिच, म्हणजे बॅटरला टाकलेले बॉल, मोजा. मेजर लीगच्या पिच स्मार्ट या मार्गदर्शक सूचनांमध्ये 13-14 वर्षांसाठी दिवसाला कमाल 95 पिच आहेत. 14 पर्यंतच्या मुलाने 66 च्या वर टाकले तर चार दिवस सुट्टी. आपल्याकडे स्पर्धा लागली की चांगल्या पिचरला रोज उभा करतात, खरं दुखणं ते आहे. आकडा तुम्हीच वहीत लिहा.

फिजिओ_ठाणे:
वरच्याशी सहमत. परळला आहात तर केईएम हॉस्पिटलची ऑर्थो ओपीडी जवळच आहे, नाहीतर खेळाडूंच्या दुखापती बघणारा ऑर्थोपेडिक गाठा. एक्सरे काढलाच तर दोन्ही कोपरांचा काढावा लागेल का, ते विचारा. या वयात तुलनेला दुसरं कोपर लागतं. चोळू नका. पेनकिलर देऊन मैदानात तर मुळीच उतरवू नका.

परळची_आई:
धन्यवाद! उद्याच नेते. पिचिंग नाही तर कॅचर (बॅटरमागे बसून बॉल झेलणारा) होऊ का, म्हणून मागे लागलाय.

डावखुरा_पिचर:
कॅचर अजिबात नको, पिचरच्या खालोखाल त्यालाच फेकावं लागतं. डॉक्टरांनी सोडलं की फर्स्ट बेसवर उभा करा, तिथे फेकणं कमी.