आखाजीचा ऑर्केस्ट्रा, खुलं मैदान: स्टेजच्या सुरक्षेचा आराखडा कसा करायचा?

आखाजी_समिती
राम राम मंडळी. जळगाव जिल्ह्यात तालुक्याच्या गावी आखाजीला (अक्षय तृतीयेला) अहिराणी गाण्यांचा ऑर्केस्ट्रा ठेवतोय. मैदान २०० × १५० फूट, काळी माती. स्टेज ४० × २४ फूट, उंची ५ फूट, मागे ४० × २० चा फ्लेक्स, दोन्ही बाजूंना ट्रसवर (लोखंडी-अॅल्युमिनियमच्या जाळीदार सांगाड्यावर) टांगलेले टॉप स्पीकर. जनसेट (जनरेटर) ८२.५ केव्हीए. पब्लिक साडेतीन-चार हजार. परवानगीच्या अर्जासोबत सुरक्षा आराखडा मागितलाय. हाती लागलेल्या नमुन्यांत "धोका: मध्यम" याच्या पुढे काही नाही. नेमकं काय मोजायचं आणि काय लिहायचं?

कपलर_बेसजॅक
"मध्यम" खोडून टाका. प्रत्येक ओळीत एवढंच हवं: काय पडेल किंवा पेटेल, कोणाला लागेल, आधी काय करायचं, कोण करणार, किती वाजेपर्यंत. "कोण"च्या रकान्यात "समिती" लिहायचं नाही, माणसाचं नाव आणि मोबाइल लिहायचा.

पहिली ओळ वाऱ्याची. आखाजी येते एप्रिल-मेमध्ये. दिवसभर लाही लाही आणि संध्याकाळी अचानक धुळीचं वादळ, हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार. तुमचा फ्लेक्स म्हणजे ७४ चौरस मीटरचं शीड. ताशी ३६ किमी वाऱ्यात त्यावर साधारण ४५० किलोचा जोर येतो, ५४ किमीला टनभर. वेग दीडपट झाला की जोर सव्वादोन पट. मंडपवाला पायाशी वाळूच्या चार गोण्या ठेवतो, म्हणजे फार तर २०० किलो. पाण्याची हजार लिटरची टाकी ठेवली तरी ती मातीवर निम्म्या जोरातच सरकते. म्हणून फ्लेक्स जाळीचा घ्या किंवा उंची १० फुटांवर आणा. बांधणी सरकगाठीची ठेवा, दोन माणसांनी दोन मिनिटांत खाली यायला हवा. पायाशी वजन आणि ताणाचे दोर किती लागतील ते स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या.

हातातला वारामापक स्वस्तात मिळतो. तो स्टेजच्या छताच्या उंचीवर धरून मोजा, खाली खुर्चीत बसून नको. इंजिनिअरने वेगळा आकडा दिला नसेल तर ताशी ३० किमीला सावध, ४० ला फ्लेक्स आणि एलईडी स्क्रीन असेल तर तोही खाली, ५० ला स्टेज रिकामं आणि ट्रसजवळची पब्लिक मागे. कार्यक्रम कोण थांबवणार त्याचं एकच नाव आधी ठरवा. गाणं रंगात आलं की निवेदकाला कोणी थांबवत नाही.

काळ्या मातीचं एक. धूळ उडू नये म्हणून दुपारी टँकरने सडा मारतात. तो पायांपाशी पडला की बेसजॅकची (स्टेजच्या पायाखालच्या, उंची जुळवायच्या स्क्रूची) सहा इंची प्लेट लोण्यात सुरी जावी तशी रुतते, आणि एकच पाय रुतला की सगळं वजन शेजारच्या पायांवर. प्लेटखाली दोन इंच जाडीची दीड फुटी फळी घाला आणि स्टेजभोवती १० फूट सडा बंद.

न्यूट्रल_उडाला
वरच्याला धरूनच: पाणी हवंय ते अर्थिंगच्या खड्ड्याला, पण तो खड्डा स्टेजच्या पायांपासून लांब घ्या. मे महिन्यात माती भेगाळलेली असते, नुसती सळई ठोकून काही होत नाही.

जनसेटच्या बॉडीला दोन आणि न्यूट्रलला दोन स्वतंत्र अर्थ. न्यूट्रल अर्थ केला नसेल तर ३० एमएचा (मिलिअँपिअरचा) आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच, लावून उपयोग नाही, गळणाऱ्या करंटला परतीची वाटच राहत नाही. आणि टेस्ट बटण दाबून तो पडला म्हणजे अर्थिंग आहे असं समजू नका. ते बटण आतल्या आतच गळती करतं, अर्थिंग नसलं तरी पडतं.

न्यूट्रल सैल राहिला की हलका लोड असलेल्या फेजवर ३००-३५० व्होल्टही चढतात. कीबोर्डचा अॅडॉप्टर आणि मिक्सर आधी जातात. न्यूट्रलचे बोल्ट लोड आल्यावर अर्ध्या तासाने हाताने नाही, पान्याने तपासा (सप्लाय बंद करून).

सर्वांत वाईट सवय: हम (स्पीकरमधली घरघर) येतो म्हणून गिटारच्या अॅम्पची तिसरी, अर्थची पिन काढणं. वादकाचा हात तारांवर, ओठ माइकला, आणि करंट छातीतून. हम घालवायचा तर डीआय बॉक्सचा (वाद्य मिक्सरला जोडायच्या डबीचा) ग्राउंड लिफ्ट स्विच वापरा. साउंडचेकला मल्टिमीटर एसीवर ठेवून एक टोक माइकच्या जाळीला, दुसरं गिटारच्या तारांना. शून्याच्या आसपास नसेल तर वादकांना हात लावू देऊ नका.

गेट_नं_४
बाहेर पडायच्या वाटा मोजा. सपाट जमिनीवर एक मीटर रुंदीतून मिनिटाला ८० च्या आसपास माणसं निघतात. चार हजार लोक आठ मिनिटांत काढायचे तर एकूण २० फूट रुंदी हवी, तीही एक गेट बंद पडलंय असं धरून. म्हणजे ८ फुटांचे चार. गेटसमोर पार्किंग आणि कुल्फीच्या गाड्या नकोत. १०८ ची गाडी ज्या वाटेने येणार ती आधी मोकळी ठेवा.

आखाजी_समिती
खूप आभार. दोन शंका. मध्ये सत्कार आहे, चाळीस-पन्नास जण वर येतील. आणि पावणेअकरापर्यंत चाललं तर?

कपलर_बेसजॅक
सत्कारच स्टेज पाडतो, गाणी नाही. पन्नास जण फोटोसाठी पुढच्या १० × १० फुटांत गोळा होतात, म्हणजे सव्वातीन टन एका कोपऱ्यावर. वर एका वेळी दहा, बाकीचे खाली रांगेत. जिना एका बाजूने चढायचा, दुसऱ्या बाजूने उतरायचा, आणि कठडा दोन्हींना.

खुल्यावर लाउडस्पीकर रात्री १० ला बंद. जिल्हाधिकाऱ्यांनी १२ पर्यंत सवलत दिलेल्या दिवसांच्या यादीत आखाजी आहेच असं धरू नका, यादी बघा. पावणेदहाला शेवटचं गाणं लावा, सत्कार त्याच्या आधी उरका.