मदत हवी आहे: टॅबसाठी टिकणारा कीबोर्ड सुचवा, दोन वर्षांत तीन गेले

बंदरवाट (२३ जुलै, रात्री ९:१०)
नमस्कार. टॅबला जोडायला कीबोर्ड हवाय. टिकणारा. दोन वर्षांत तीन घेतले, तिन्ही गेले. तिसरा तर वापरातही नव्हता. मेअखेर पुसून, पिशवीत घालून कपाटात ठेवलेला. काल काढला तर ७, ४ आणि १ उमटतच नाहीत आणि एंटर एकदा दाबलं की दोनदा लागतं. दुकानदार म्हणतो, पाणी गेलेलं वॉरंटीत बसत नाही. अहो, पाणी लागलेलंच नाही! १ तारखेपासून मला कीबोर्ड लागणारच आहे, हातात एक आठवडा आहे. कृपया नेमकं नाव सांगा. "चांगल्या कंपनीचा घ्या" सांगू नका, तेच तीनदा केलंय.

सुपारीची_वाडी (रात्री ९:२४)
टॅब कुठला? अँड्रॉइड की आयपॅड? चार्जिंगची पिन सी टाईप की जुनी? आधीचे वायरवाले होते की ब्लूटूथ? बजेट? यातलं काहीच लिहिलेलं नाही, नाव कुठून सांगणार?

खटखट (रात्री ९:३१)
मेकॅनिकल घ्या, विषय संपला. साध्या कीबोर्डात बटणाखाली रबराची टोपी असते, ती वर्षा-दोन वर्षांत बसते. मेकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणाला स्वतंत्र स्विच आणि स्प्रिंग. चेरी कंपनी एमएक्स स्विचसाठी ५ कोटी वेळा दाबण्याची हमी देते, काहींसाठी १० कोटी. हॉट-स्वॅपवाला घेतलात तर बिघडलेला स्विच चिमट्याने उपटून नवा बसवता येतो, सोल्डरिंग नको. माझा सहा वर्षं चालू आहे.

बंदरवाट (रात्री ९:४०)
टॅब साधा दहा इंची अँड्रॉइड, सी टाईप. पहिले दोन वायरवाले, तिसरा ब्लूटूथ. बजेट दोन हजार. मेकॅनिकल जड असतो ना? मला एका हातात धरून उभ्याने काम करायचं असतं.

हापूस_देवगड (रात्री ९:५२)
उभ्याने, एका हातात? मग मेकॅनिकल सोडा. लॉजिटेकचा के३८० बघा. लहान, हलका, दोन ट्रिपल ए सेलवर चालतो, एका वेळी तीन उपकरणांशी जोडी जमवून ठेवतो. मी आंब्याच्या पेट्यांच्या ऑर्डरी त्यावरच घेतो. चौथा सीझन चालू आहे, एक बटण हललेलं नाही. दोन हजारांच्या थोडं वर जाईल पण पैसे वसूल.

खटखट (रात्री १०:०३)
देवगडकर, तुम्ही घरात पंख्याखाली बसून ऑर्डरी घेता. के३८० मध्ये आतला पडदा गेला की अख्खा कीबोर्ड फेकायचा. दुरुस्ती होईल अशी वस्तू घ्यावी, हे माझं तत्त्व आहे.

हापूस_देवगड (रात्री १०:०९)
माझं घर समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर आहे. खारा वारा काय असतो हे मला पुण्यात बसलेल्याने शिकवू नये.

कोथरूड_ते_कुडाळ (रात्री १०:१५)
ताई, कीबोर्ड हवाच कशाला? बोलून टाईप करा. मराठी आता छान ओळखतं, मी संपूर्ण लेख बोलून लिहिते. नाहीतर स्क्रीनवरचा कीबोर्ड आहेच.

बंदरवाट (रात्री १०:२८)
बोलून कसं करू? आजूबाजूला पन्नास जण बोली लावत असतात. आणि स्क्रीन ओल्या हाताने चालत नाही. पाण्याचा थेंब पडला की टॅबला वाटतं बोट लागलं, आणि १२०० चे १२००० होतात. गेल्या वर्षी एका व्यापाऱ्याच्या नावावर असाच चुकीचा आकडा गेला आणि माझ्या मामाला भर बाजारात ऐकून घ्यावं लागलं. म्हणून बटणं हवीत, दाबलेलं कळणारी.

सुपारीची_वाडी (रात्री १०:३१)
थांबा. बोली? ओले हात? तुम्ही मासळीच्या लिलावात टॅब वापरता?

बंदरवाट (रात्री १०:३५)
हो. हर्णै बंदर. मामाच्या दोन बोटी आणि शेजारच्या तिघांच्या, असा पाच बोटींचा हिशोब मी लिहिते. कुठली मच्छी, किती क्रेट, काय भाव, कोणी घेतली, रोख की उधारी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणून म्हटलं १ तारखेपासून लागणार. मला वाटलं कळेल.

सुपारीची_वाडी (रात्री १०:३८)
ताई, हे पहिल्याच ओळीत हवं होतं! तुमचा अर्धा प्रश्न यातच आहे.

पेटीमास्तर (रात्री ११:०२)
कीबोर्ड टिकवण्याबद्दल माझा अनुभव. आमच्या भजनी मंडळाची पेटी दर पावसाळ्यात फुगायची, पट्ट्या दाबल्या की वर येत नसत. गणपतीच्या तोंडावर धावपळ. आता जूनमध्येच पेटीला सुती कापडात गुंडाळून लाकडी खोक्यात ठेवतो, आत कापराच्या वड्या, आणि दर आठ दिवसांनी अर्धा तास वाजवतो. हवा खेळती राहिली की सूर पितळेचे असले तरी काळे पडत नाहीत. इलेक्ट्रॉनिक कीबोर्डलाही हे लागू पडावं.

खटखट (रात्री ११:०६)
मास्तर, इथे टाईप करायच्या कीबोर्डचं चाललंय.

पेटीमास्तर (रात्री ११:१०)
माहीत आहे. वस्तू बंद करून विसरली की बिघडते, एवढंच म्हणतोय. ताईंचाही न वापरताच गेला ना?

वर्कशॉपकाका (२४ जुलै, सकाळी ६:४५)
मास्तर बरोबर जागी बोट ठेवतायत. मी बत्तीस वर्षं बोटींवरचे वायरलेस सेट आणि फिश फाइंडर दुरुस्त केले. ताई, दोन प्रश्न. ठेवण्याआधी पुसलात तो कशाने? आणि सेल काढले होते का?

बंदरवाट (सकाळी ७:२०)
पुसला बंदरावरच, तिथल्या फडक्याने. सेल नाही काढले. आता बघितलं, सेलच्या स्प्रिंगवर पांढरी भुकटी आहे.

वर्कशॉपकाका (सकाळी ८:०५)
मग ऐका. बंदरावरचं फडकं म्हणजे समुद्राच्या पाण्याचं फडकं. तुम्ही कीबोर्ड पुसला नाहीत, त्याला मीठ चोळलंत. मीठ कोरडं असतं तोवर फारसा त्रास देत नाही. पण हवेतला ओलावा ७५ टक्क्यांच्या वर गेला की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि स्वतःच विरघळतं. स्वयंपाकघरातली मिठाची बरणी जूनमध्ये पाणी सोडते, तेच. आपल्याकडे जुलैत ओलावा ७५ च्या खाली क्वचित येतो. म्हणजे कपाटात, पिशवीत, पाण्याचा थेंब न लागता तुमच्या कीबोर्डच्या आत दोन महिने खारं पाणी होतं. दुकानदार चूक नाही आणि तुम्हीही खोटं बोलत नाही.

आता ७, ४, १. हे वरच्या ओळीतले की उजवीकडच्या आकड्यांच्या चौकटीतले?

बंदरवाट (सकाळी ८:११)
उजवीकडचे. वरचे चालतात.

वर्कशॉपकाका (सकाळी ८:३०)
त्या चौकटीत ७, ४, १ एकाखाली एक असतात. कीबोर्डच्या आत प्लास्टिकचे पातळ पडदे असतात, त्यांवर वीज वाहणाऱ्या शाईच्या रेघा छापलेल्या असतात. एका उभ्या रांगेची बटणं बहुधा एकाच रेघेवर असतात. ती रेघ कुठेतरी खाल्ली गेली, म्हणून तिन्ही एकदम गेले. तीन बटणं वेगवेगळी बिघडलेली नाहीत. एंटर दोनदा लागतंय तिथे टोकावर थर बसलाय.

सेलच्या भुकटीवर कापसाने थोडं व्हिनेगर लावा, मग स्वच्छ करून वाळवा. बॅटरीवाला भाग वाचेल. रेघ मात्र परत येणार नाही.

हापूस_देवगड (सकाळी ८:४४)
काका, तांदळात ठेवला तर? माझा मोबाईल वाचला होता.

वर्कशॉपकाका (सकाळी ८:५५)
तांदळाने तुमचा मोबाईल वाचला नाही, नुसता वाळायला ठेवला असतात तरी वाचला असता. तांदूळ मीठ काढत नाही, उलट पीठ आत जातं. खारं पाणी गेलेली वस्तू आधी गोड्या पाण्याने धुवायची असते. सेल काढून, बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर वापरून. लोकांना याचीच भीती वाटते. बोटीवरचा सेट समुद्रात पडला तर आम्ही तो गोड्या पाण्याच्या बादलीत घालूनच वर्कशॉपला आणायला सांगायचो, कारण हवा लागली की गंज सुरू.

हापूस_देवगड (सकाळी ८:५९)
तांदळाबद्दल पटत नाही, पण ठीक.

खटखट (सकाळी ९:१२)
मग माझा मुद्दा सुधारतो. ऑप्टिकल किंवा हॉल इफेक्ट स्विचचा मेकॅनिकल घ्या. एकात प्रकाश अडवला जातो, दुसऱ्यात चुंबक जवळ येतो. धातूला धातू लागतच नाही, तर गंजणार काय?

वर्कशॉपकाका (सकाळी ९:२५)
स्विच नाही गंजणार, हे खरं. खालचा सर्किट बोर्ड, स्पेसबारखालची तार आणि यूएसबीचं तोंड गंजणार. तुमचे ५ कोटी म्हणजे किती वेळा दाबलं त्याचा हिशोब, मिठाचा नाही.

दर्याकाठ_वेंगुर्ला (सकाळी ९:५०)
बाये, माझा ऐक. ह्या ब्लूटूथाच्या नादाक लागू नको. सिलिकॉनचो गुंडाळी कीबोर्ड मिळता, वायरवालो. नळाखाली धर, धू, झटक, परत वापर. आयपी६८ लिवलेलो बघून घे. ६ म्हणजे धूळ शिरत नाय, ८ म्हणजे पाण्यात बुडवलो तरी चलता. माझ्या भावान बर्फाच्या कारखान्यात ठेवलोहा.

सुपारीची_वाडी (सकाळी १०:०२)
गुंडाळी कीबोर्डला खाली टेबल लागतं हो. ताई उभ्याने हातात धरतात. आणि वायरवाला म्हणजे टॅबचं सी टाईप तोंड दिवसभर उघडं. त्यात वीज चालू आणि वरून खारं पाणी, पिना आठवड्यात हिरव्या होतील. शिवाय तिथे कीबोर्ड लावला की हबशिवाय चार्जिंग नाही. कीबोर्ड वाचवून टॅब घालवायचा का?

बंदरवाट (सकाळी १०:२०)
हे बरोबर आहे. मागचा टॅब चार्जिंग पिनमुळेच गेला. ते लिहायचं राहिलं.

सागरसफर (सकाळी १०:३३)
हर्णैचा लिलाव बघायचाय, ऑगस्टमध्ये कुटुंबासह येतोय. किती वाजता असतो? सुवर्णदुर्गाला होडी मिळेल का?

बंदरवाट (सकाळी १०:४०)
लिलाव सकाळी आणि संध्याकाळी, बोटी येतील तसा. ऑगस्टच्या सुरुवातीला समुद्र खवळलेला असतो, किल्ल्याचं तेव्हाच विचारा. कृपया कीबोर्डबद्दल कोणी सांगा.

आकडेमोड (सकाळी ११:१५)
एक विचारू? तुम्ही प्रत्यक्षात टाईप काय करता? मराठीत वाक्यं लिहिता का? म्हणजे इन्स्क्रिप्ट वगैरे मराठी अक्षरांचा कीबोर्ड लागतो का?

बंदरवाट (सकाळी ११:२२)
वाक्यं नाही. क्रेट, किलो, भाव सगळे आकडे. मच्छीचं नाव आणि व्यापाऱ्याचं नाव मराठीत. मच्छी वीस-बावीस प्रकारची, व्यापारी चाळीसेक. नावं दर वेळी लिहिते. गूगल शीटमध्ये.

आकडेमोड (सकाळी ११:४५)
मग तुम्हाला कीबोर्ड नकोच आहे. आकड्यांचा छोटा पॅड हवा आहे, नुसता नमपॅड, ब्लूटूथवाला. कॅल्क्युलेटरएवढा असतो, हातात मावतो, किंमत पूर्ण कीबोर्डपेक्षा कमी. तळहाताएवढी वस्तू पारदर्शक झिप पाऊचमध्ये अख्खी बंद करता येते, आणि बटणं प्लास्टिकवरून नीट दाबली जातात. ब्लूटूथला प्लास्टिक आडवं येत नाही.

नावांसाठी शीटमध्ये डेटा व्हॅलिडेशनने ड्रॉपडाऊन करा. सुरमई, पापलेट, बांगडा, कोळंबी, म्हाकूळ, आणि दुसऱ्या रकान्यात व्यापारी. एकदा घरी बसून यादी करायची, बंदरावर फक्त निवडायचं. फाईल ऑफलाईन उपलब्ध करून ठेवा म्हणजे रेंज गेली तरी अडणार नाही.

एक अडचण येईल. पॅड जोडला की अँड्रॉइड स्क्रीनवरचा कीबोर्ड लपवतो. सेटिंगमध्ये फिजिकल कीबोर्डखाली ऑनस्क्रीन कीबोर्ड दाखवण्याचा पर्याय असतो, तो चालू ठेवा, म्हणजे यादीत नसलेला नवा व्यापारी आला तर हात पुसून स्क्रीनवर लिहिता येईल.

खटखट (सकाळी ११:५८)
नमपॅडही मेकॅनिकल मिळतात, एवढं नोंदवून ठेवतो. पण पाऊचमध्ये घालायचा असेल तर चपटाच बरा, हे मान्य.

वर्कशॉपकाका (दुपारी १२:१०)
हे मला सुचायला हवं होतं. पाऊच बंद कराल तो घरी, कोरड्या खोलीत, आत सिलिका जेलची पुडी टाकून. बंदरावर बंद केलात तर तिथली दमट खारी हवाच आत कोंडाल. रंग बदलणारे दाणे घ्या, रंग बदलला की कढईत मंद आचेवर परतून पुन्हा वापरता येतात. संध्याकाळी घरी आल्यावर पाऊच बाहेरून नळाच्या पाण्याने धुवा, वाळवा, मगच उघडा. जूनमध्ये बंदी लागली की सेल काढून ठेवा. टॅबच्या पिनला रबरी बूच लावा, दहा-वीस रुपयांत मिळतं.

कोथरूड_ते_कुडाळ (दुपारी १२:२५)
टॅबला चांगलं फ्लिप कव्हरही घ्या ताई, लेदरचं छान दिसतं.

सुपारीची_वाडी (दुपारी १२:३०)
लेदरला आठ दिवसांत बुरशी येईल. नको.

बंदरवाट (२९ जुलै, रात्री ८:५०)
पॅड आला. पाऊचमध्ये घालून बघितला, बटणं नीट दाबली जातात. ड्रॉपडाऊन मामेभावाने करून दिला, मच्छीची चोवीस नावं झाली. आकडेमोड, वर्कशॉपकाका, सुपारीची_वाडी, तुमचे मनापासून आभार. मामाला दाखवलं, तो म्हणाला आता हिशोबावरून मला कोणी बोलणार नाही.

पण एक अडलंय. ८ दाबलं की आकडा येत नाही, कर्सर वरच्या ओळीत जातो. ४ दाबलं की डावीकडे. पॅड खराब आहे का? परत पाठवू? १ तारखेला बोटी निघणार.

आकडेमोड (रात्री ८:५७)
खराब नाही. नमलॉक बंद आहे, तो बंद असला की आकड्यांची बटणं कर्सर हलवतात. डाव्या कोपऱ्यात वर नमलॉक लिहिलेलं बटण एकदा दाबा. आणि रोज पाऊच बंद करण्याआधी ८ दाबून बघत जा.

बंदरवाट (रात्री ९:०१)
आला आकडा!