मदत हवी आहे: झाडावर चढताना ब्लेक हिच फार आवळते
नमस्कार मंडळी. झाडावर चढायला १३ मिमी दोरावर ब्लेक हिच (हाताने सरकवता येणारी, भार आला की दोराला पकडणारी गाठ) बांधतो. चार वेढे वर घेऊन टोक खाली आणतो आणि खालच्या दोन वेढ्यांखालून बाहेर काढतो. टोकाला आठाची गाठ असतेच, तिच्याशिवाय वर जायचंच नाही. पकड पक्की आहे, तक्रार तिची नाही. पण हार्नेसमध्ये बराच वेळ लटकून काम केलं की वेढे इतके घट्ट बसतात की उतरताना गाठ आधी सरकत नाही, मग एकदम सुटते. त्या जागी दोर घासून चकचकीत आणि कडक झालाय, त्याचीच जास्त काळजी वाटते. वेगळ्या १० मिमी दोरीची प्रुसिक किंवा व्हीटी (व्हाल्डोटेन ट्रेस), अशाच पकडणाऱ्या गाठी वापरणाऱ्यांनी कृपया सांगा, अंगाचा भार असताना ती हलक्या हाताने सरकते का? व्हीटीला वर वेढे किती, खाली वेणीचे पेड किती घेता? आधी जमिनीलगत लटकून तपासणार आहे.