मळ्यातला इंग्रजी अमदानीतला पडका वाडा: ठेवायचा की दगड विकून मोकळं व्हायचं?

मळेकरी: पंचगंगेच्या काठाला आमच्या शिवारात संस्थानच्या काळातला एक शेतवाडा पडलाय. तीन खोल्या, गोठा, गुऱ्हाळाचं चुलवाण (रस आटवायची मोठी चूल) आणि मोटेची विहीर, थारोळ्याचे, म्हणजे मोटेचं पाणी पडायचं तिथले, दगड अजून जाग्यावर. आता दगड विकायचं चाललंय. माझं म्हणणं एवढंच की आधी मोजमाप, फोटो, नकाशा करा, मग काय ते ठरवा. कोल्हापुरी गुळाला 2014 ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला, पण जुनं गुऱ्हाळ बघायचं म्हटलं तर पोरांना न्यायचं कुठं?

सातबारावाला: भावा, त्या सातबाऱ्यावर माझंबी नाव हाय, आमी नऊ हिस्सेदार. पुरातत्त्ववाले आले की शंभर मीटरात वीट लावता येत न्हाई म्हणत्यात. 2019 आणि 2021 च्या पुरानंतर मागची भिंत फुगलीय, उद्या कुणाच्या पोरावर पडली तर जबाबदार कोण? आधी माणूस, मग दगड.

मळेकरी: भिंतीचं पटलं, आजच काटेरी कुंपण घालू या. पण शंभर मीटरची बंदी राष्ट्रीय संरक्षित स्मारकांना हाय, 2010 च्या दुरुस्तीनं कायद्यात आली, ती बी बांधकामाला. आपला वाडा असल्या कुठल्याच यादीत न्हाई, नकाशा काढला म्हणून तुमची जमीन कुठं जात न्हाई.

चुनेगच्ची: मोजताना कौलं उलटी करून शिक्का बघा. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या संस्थेचा, 1865 चा, म्हणजे तसलं कौल त्याच्या आधीचं असूच शकत नाही. पण त्यानं छपराचं वय कळतं, भिंतीचं नव्हे, कौलं मागनं बदलली असतील. आणि हात जोडतो, दगडांमधल्या दरजा सिमेंटनं भरू नका! आमच्या घरी गवंड्यानं भरल्या, ओल आतच कोंडली आणि चुना भुगा होऊन पडला. भिंतीत उगवलेला पिंपळही ओढून काढू नका, मुळासोबत दगड येतो, वरनं छाटत छाटत बुंधा मारायचा.

शिवारातली लेक: सगळं वाडा वाडा चाललंय म्हणून लिहिते. माझा आजा असल्याच एका मळ्यात सालगडी होता, चुलवाणाला जाळ घालून घालून त्याच्या हाताची कातडी गेलेली, आणि तो राहायचा ते खोपाट आज कुणाला दाखवतासुद्धा येणार नाही. मालकाच्या खोल्या जपायला वर्गणी काढणार असाल तर माझा विरोध.

मळेकरी: ताई, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. गोठ्यामागं एक जोतं दिसतंय, हातभर उंचीचं, मी ते उकिरड्याचं समजत होतो. ते सालगड्याचं असंल तर नकाशात पहिलं तेच घालू. गावात ऐंशीच्या पुढची दोन-तीन माणसं हायत, त्यांना मळ्यात आणून विचारू, कोण कुठं राहायचं, काहील, म्हणजे गुळाची मोठी कढई, कुठं उतरायची.

सातबारावाला: विहीर राहू दे, तिच्यावर अजून आमची मोटर चालते. वाड्याचं भावकीत बसून ठरवतो, तवर दगड विकत न्हाई. रविवारी टेप घेऊन या, पण मागच्या भिंतीकडं कुणी जायचं न्हाई.