रोजचं ४० लिटर पाणी, २२ कुंड्या, एक वाफा. कोणाला जगवू?

कुंडीवाली

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहितेय, पण अर्धवट सांगितलं की उत्तरंही अर्धवट येतात, म्हणून सगळंच सांगते.

घरामागे ३ मीटर लांब, सव्वा मीटर रुंद असा एक वाफा आहे आणि भिंतीलगत २२ कुंड्या. वाफ्यात टोमॅटोची सहा झाडं, वांग्याची चार, भेंडीची एक ओळ, टोकाला काकडीचा वेल. कुंड्यांत मिरच्या, पालक, कोथिंबीर, दोन दोडके आणि हौसेने वाढवलेली एक ढोबळी मिरची. थंडीत सगळं इतकं छान होतं की मी फोटो काढून लोकांना छळायचे.

गेले तीन आठवडे पारा ४० च्या खाली यायला तयार नाही. पाण्याचीही मारामार. बागेच्या वाट्याला दिवसाला दोन बादल्या, म्हणजे ४० लिटर. त्यावर एक तांब्याही नाही, असं घरातून बजावलेलं आहे.

दुपारी दोन वाजले की सगळी झाडं माना टाकतात. मला बघवत नाही, मी झारी घेऊन धावते. संध्याकाळी पुन्हा, सकाळी पुन्हा. तरी टोमॅटोची फुलं देठासकट गळताहेत, आणि जी चार फळं धरली ती बुडाशी काळी पडली. काकडी इतकी कडू की तोंड धुवावं लागतं. कोथिंबीर वीतभर वाढली नाही तोच फुलावर आली. मिरचीची पानं वळलीत.

टोमॅटोला कॅल्शियमच्या गोळ्या पुरू का? भर उन्हात पाणी घातलं तर थेंबांनी पानं भाजतात म्हणतात, ते खरं का? आणि पावसाला अजून दोन महिने आहेत, तोवर नवीन काही लावता येईल का, की सगळं उपटून मोकळी होऊ?

नवशिका_७

ताई, शेडनेट लावा, विषय संपला. ९० टक्केवाली घ्या. आमची गाडी तिच्याखाली असते, एकदम गार राहते.

वाफसा

९० टक्क्यांची जाळी गाडीलाच राहू द्या. गाडीला फुलं येत नाहीत. तिच्याखाली टोमॅटो नुसता उंच आणि फिकट होईल. फळभाज्यांना ३० ते ३५ टक्के सावलीची जाळी पुरते, पालेभाज्यांना ५० टक्के. तीही झाडांवर पांघरायची नाही. शेंड्यांपासून दीड-दोन हात वर बांधायची आणि बाजू मोकळ्या ठेवायच्या, नाहीतर खाली भट्टी होते. जाळी अपुरी असेल तर निदान पश्चिमेची बाजू झाका. दुपारनंतरचं तिरपं ऊन सगळ्यात वाईट.

आता ताई, तुमचं. आधी हिशोब करू, झाडांवरची माया नंतर.

एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी पडलं. अशा उन्हात भरलेला वाफा दिवसाला ५-६ मिलिमीटर सहज उडवतो. तुमचा वाफा पावणेचार चौरस मीटर, म्हणजे एकटा वाफाच रोज २० लिटर पितो. उरले २०. फळं धरणारं मोठं झाड कुंडीत असेल तर त्याला या दिवसांत किमान २ लिटर लागतं. म्हणजे दहा कुंड्या. तुमच्याकडे बावीस आहेत. बारा कुंड्यांना निरोप द्यायचाय, तो आजच द्या. सगळ्यांना अर्धपोटी ठेवलंत तर बावीसच्या बावीस रडत मरतील.

कोथिंबीर आणि पालक आधी काढा. त्यांना गारवा लागतो. फुलावर आलेली कोथिंबीर कितीही पाणी घातलं तरी मागे फिरत नाही. काकडीचा कडूपणा उष्णता आणि पाण्याच्या ताणाने वाढतो. ताण हटला तर पुढची फळं बरी निघू शकतात, पण वेल पाण्याचा खादाड आहे. मी असतो तर काढला असता.

दुपारी मान टाकणं म्हणजे दर वेळी तहान नव्हे. भर उन्हात पानांतून पाणी जितक्या वेगाने उडतं तितक्या वेगाने मुळं ते वर पोचवू शकत नाहीत, माती ओली असली तरीही. म्हणून पान सैल पडतं. उन्हाला कमी अंग दाखवायची ती झाडाची युक्तीसुद्धा आहे. झाडाची तब्येत सकाळी सहाला बघायची. तेव्हा ताठ असेल तर काही झालेलं नाही. सकाळीही मान खाली असेल तर मात्र लगेच पाणी. शंका आली तर मातीत बोट दोन पेरं घाला. खाली गार, ओलसर लागलं तर झारी जागेवर ठेवून या.

तीनदा थोडंथोडं घालता त्याने वरचा बोटभर थर भिजतो आणि तासाभरात उडून जातो. मुळंही त्या ओलीच्या नादाने वरच राहतात आणि वरच भाजतात. वाफ्याचे तीन भाग करा. रोज पहाटे एकाच भागाला २० लिटर, झाडाच्या बुडाशी आळ्यात, सावकाश. प्रत्येक भागाची पाळी तिसऱ्या दिवशी येईल. हिशोब करून बघा, सरासरी तेवढीच पडते, पण पाणी खोल जातं. कुंड्यांना हे जमत नाही. त्यांची माती थोडी, त्यांना रोजच द्यावं लागतं.

कुंडीतली माती एकदा खडखडीत वाळली की पाणी झिडकारते. वरून ओता, कडेकडेने सरळ खालच्या भोकातून बाहेर. तुम्हाला वाटतं कुंडी भरली, गड्डा आत कोरडाच असतो. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, जास्त असेल तर हे हमखास होतं. आधी एक पेलाभर घालून दहा मिनिटं थांबा, मग बाकीचं.

आणि आच्छादन. तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात पालापाचोळ्याचा एक शब्द नाही, हे मला सगळ्यात जास्त खटकलं. उघडी माती म्हणजे झाकण नसलेलं भांडं. वाळकी पानं, गवत, पेंढा, जे असेल ते तीन-चार बोटं जाडीचं पसरा. आधी माती भिजवा, मग झाका. कोरड्या मातीवर झाकलं तर कोरडेपणच जपला जाईल. खोडाभोवती दोन बोटं जागा मोकळी ठेवा.

टोमॅटोचं बूड काळं पडतं ते कॅल्शियम फळापर्यंत न पोचल्याने. मातीत ते बहुतेक वेळा असतंच. पण ते पाण्यासोबतच चढतं, आणि पाणी आज पूर उद्या दुष्काळ असं असेल तर फळाच्या टोकापर्यंत जात नाही. गोळ्या नकोत, ओल सारखी ठेवा. फुलगळीचं कारण वेगळं. दिवसा ३५ च्या वर आणि रात्री २४ च्या वर तापमान राहिलं की पराग निकामी होतात. तिथे तुम्ही काहीच करू शकत नाही. रात्री गार झाल्या की फुलं पुन्हा धरतील, तोवर झाड जिवंत ठेवायचं. खत अजिबात नको. नत्र घातलंत तर नवी कोवळी पानं फुटतील आणि त्यांनाही पाणी तुम्हीच पाजायचं. खालची पानंही छाटू नका, फळांवर तीच सावली.

थेंबांनी पानं भाजतात म्हणतात त्याचं उत्तर २०१० मध्ये हंगेरीतल्या संशोधकांनी तपासून दिलंय. गुळगुळीत पानावरचा थेंब भिंगाचं काम करून पान जाळत नाही, तो पानाला चिकटून पसरलेला असतो. दाट लव असलेल्या पानावर थेंब लवेवर अधांतरी राहतो, तिथे क्वचित घडू शकतं. दुपारी पाणी घालू नये ते भाजतं म्हणून नव्हे, वाया जातं म्हणून. आणि उन्हात पडलेल्या नळीतलं पहिलं पाणी हाताला चटका देतं. ते आधी बादलीत काढा.

मडकेवाला

काकांनी सगळं सांगितलं, मडकं तेवढं माझ्यासाठी ठेवलं. आभार.

वाफ्यात मातीची बिनझिलईची मडकी गळ्यापर्यंत पुरा, पाणी भरा, झाकण ठेवा. भोवतालची माती कोरडी झाली की पाणी ओढून घेते, ओली असली की पाझर मंदावतो. तुम्ही विसरलात तरी मडकं विसरत नाही. पाच लिटरचं मडकं चहूबाजूंनी साधारण वीतभर माती ओली ठेवतं, म्हणजे त्याच्याभोवती तीन-चार रोपं. वर बाष्प जवळजवळ उडतच नाही, आणि कोरड्या पृष्ठभागावर तणही कमी येतं.

पुरण्याआधी परीक्षा घ्या. मडकं भरून सावलीत ठेवा. चार-सहा तासांत बाहेरून ओलसर झालं तरच घ्यायचं. रंग दिलेलं, झिलई केलेलं किंवा फार भाजलेलं मडकं पाझरत नाही. झाकण घट्ट हवं, नाहीतर डासांचा पाळणा होतो. पाणी जड असेल तर क्षार साचून छिद्रं बुजतात, म्हणून हंगाम संपला की काढून ब्रशने घासायचं.

एक सावधगिरी. उभ्या झाडाला खेटून खड्डा खणलात तर मुळं तुटतील, आणि या उन्हात तुटलेलं मूळ झाडाला परवडत नाही. जुन्या झाडांपासून लांब, रिकाम्या जागी पुरा आणि नवीन बी त्याच्याभोवती टोका. बी उगवून मूळ मडक्यापर्यंत पोचेतो आठ-दहा दिवस वरूनच पाणी द्यावं लागतं. इथे बरेच जण फसतात, मडकं आहे म्हणून निवांत बसतात.

कुंडीवाली

काका, बारा कुंड्या?! बरं. रात्रभर विचार करते.

पण नवीन काय टोकू? आणि आंघोळीचं पाणी वापरलं तर चालेल का? ते मोजणीत धरत नाहीत आमच्याकडे. ;)

वाफसा

गवार आणि चवळी. दोन्ही ऊन सोसतात, गवार तर फार लाड केलेले तिलाच आवडत नाहीत. भेंडी तुमच्याकडे आहेच, तिचं बोट धरून राहा. पालेभाजी हवी तर माठ. उन्हात तो कर्बवायू असा साठवून वापरतो की त्याच पाण्यात पालकापेक्षा जास्त पाला देतो. आणि वाफ्याच्या कडेला घोळ आपोआप उगवली असेल तर तण म्हणून उपटू नका. पाणी तुटलं की घोळ दिवसा पानांची छिद्रं मिटून घेते आणि रात्री उघडून हवा घेते. तिच्याकडून शिकवणी लावावी अशी आहे.

आंघोळीचं पाणी साध्या साबणाचं असेल तर फळभाज्यांच्या बुडाशी चालेल. पानांवर नको. कच्च्या खायच्या पाल्याला आणि कंदांना नको. ब्लीच किंवा कपड्यांच्या पावडरचं पाणी अजिबात नको, त्यातला सोडियम माती घट्ट करतो. साठवायचं नाही, त्याच दिवशी संपवायचं, आणि अधूनमधून साध्या पाण्याने माती धुवायची. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी मात्र बिनधास्त कुंड्यांना द्या.

पानाखालची_नजर

मिरचीकडे कोणीच बघितलं नाही म्हणून लिहिते. ताई, पानं कशी वळलीत ते सांगा. कडा वर येऊन वाटीसारखी झाली असतील तर बहुधा फुलकिडे. वाटी उपडी, पान लांबट आणि देठही लांबलेला असेल तर कोळी, म्हणजे पानांचा रस शोषणारी अगदी बारीक कीड, जाळी विणणारा घरातला कोळी नव्हे. दुपारी वळून सकाळी सरळ होत असतील तर नुसती उष्णता, काही करू नका. पांढऱ्या कागदावर फांदी झटका. ठिपके चालायला लागले तर समजायचं.

टोमॅटो-वांग्याच्या पानांची खालची बाजूही बघा. बारीक फिकट ठिपके आणि जाळं दिसलं तर तो लाल कोळी. कोरडी गरम हवा त्याची दिवाळी. अशा हवेत आठवड्याभरात त्याची नवी पिढी तयार होते. सकाळी पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारायचा, तीन-चार दिवसांआड. रोजच्या चाळीसातला एक लिटर त्याच्यासाठी राखा. दोन आठवड्यांनी फरक दिसतो.

कुंडीवाली

चोवीस दिवसांनी येतेय. खरंखुरं सांगते.

पहिल्या दिवशी आठ कुंड्या रिकाम्या केल्या, चार दिवसांनी आणखी तीन. काकडी काढली. कुंड्यांची माती वाफ्यावर पसरली, उरलेल्या कुंड्या एकमेकींना चिकटवून भिंतीच्या सावलीत नेल्या, बाहेरच्या बाजूला गोणपाट गुंडाळलं. जाळी ३५ टक्क्यांची, चार बांबूंवर. पहिली बांधणी वाऱ्याने एका रात्रीत उडाली. आता कोपऱ्यांना विटा लोंबताहेत, बघायला भयंकर दिसतं.

दुपारी घरात बसणं मला सगळ्यात कठीण गेलं. पहिले पाच दिवस मी खिडकीचा पडदाच ओढून घ्यायचे. सकाळी सहाला गेलं की सगळे ताठ! मला तर झाडांनी इतके दिवस फसवल्यासारखं वाटलं.

टोमॅटोला अजून एक फळ धरलेलं नाही. पण सहापैकी पाच हिरवीगार आहेत. भेंडी एक दिवसाआड मूठभर निघते. वांगी जेमतेम. मिरचीच्या पानांची वाटी वर होती, कागदावर ठिपके चालले, फवारे सुरू आहेत.

मडकी तीन आणली. परीक्षा दोनांचीच घेतली, कारण तिसरं दिसायला सुंदर होतं. ते सुंदर मडकं गेले अठरा दिवस काठोकाठ भरलेलं आहे. आणि मडकेवाले दादा, तुम्ही सांगूनही एक मी वांग्याला खेटून पुरलं. खणताना कटकन आवाज आला. ते वांगं दोन दिवसांत गेलं. दुसऱ्या मडक्याभोवती गवार आणि चवळी टोकली, बारापैकी नऊ उगवल्या.

वाफसा

छान. पण आठ आणि तीन अकरा होतात. बारावी कुठे आहे?

कुंडीवाली

बारावी ढोबळी मिरची आहे काका. ती न्हाणीघराच्या दाराशी असते, आंघोळीच्या पाण्यावर. फुलं सगळी गळाली आहेत. त्याबद्दल काही बोलू नका.