मदत हवी आहे: व्हेरिकोसीलच्या ऑपरेशननंतर खेळ कधी सुरू करावा?

नमस्कार मंडळी. माझं डाव्या बाजूच्या व्हेरिकोसीलचं (म्हणजे अंडकोषाच्या पिशवीतल्या शिरा फुगण्याचा त्रास) ऑपरेशन झालंय, मायक्रोस्कोपखालचं. जांघेतला छेद भरलाय, चालणं-फिरणं व्यवस्थित. डॉक्टरांनी 4 आठवडे वजन उचलायचं नाही, धावायचं नाही असं बजावलं होतं. ती मुदत आता संपत आलीये आणि पाय शिवशिवताहेत!

मी बॅडमिंटन खेळतो, जोडीला जिम. माझी खरी धास्ती जिमची आहे. श्वास रोखून स्क्वॉट किंवा डेडलिफ्ट मारलं की पोटातला दाब वाढतो आणि तो खालच्या शिरांवर येतो, एवढं कळतं. मग सुरुवात कितपत वजनाने करायची? बॅडमिंटनमधल्या उड्या आणि लंजेसचं काय? अंडकोषाला आधार देणारा सपोर्टर किती काळ वापरलात?

अजून एक. संध्याकाळी त्या बाजूला जरा जडपणा वाटतो, झोपलं की जातो. सूज, ताप काही नाही. असं तुम्हालाही व्हायचं का? अंडकोषाभोवती पाणी साचू शकतं म्हणतात, ते सुरुवातीला कसं जाणवतं?

पुढच्या तपासणीत डॉक्टरांना विचारणारच आहे, पण स्वतः यातून गेलेल्यांचा अनुभव हवाय. ‘काही होत नाही रे, खेळ बिनधास्त’ हे मित्रांकडून ऐकून झालंय.