उत्तर: कराटेवाल्यांचे इतर नाद

'कराटे-ज्यूडोवाल्याला मारामारीपलीकडे दुसरा नाद नसतो' असं इथे कुणीतरी म्हटलंय, ते काही पटलं नाही. ब्रूस लीनं १९५८ साली हाँगकाँगची चा-चा नृत्यस्पर्धा जिंकली होती!

माझंच सांगतो. सोलापुरात १५ वर्षं ज्यूडो खेळतोय, समोरच्याचा गी (ज्यूडोचा जाड पोशाख) पकडून पकडून बोटं पार वाकडी झालीत. तरी रविवारी पूर्व भागात ओळखीच्या एका काकांच्या हातमागावर बसतो (असे माग आता मोजकेच उरलेत). पावडी (पायाखालची पट्टी) दाबायची, धोटा (आडवा धागा नेणारा) फेकायचा, एवढं जमतं. पण ताण्याचा, म्हणजे उभा धागा तुटला की गाठ मारायला मला तीन मिनिटं, काकांना तीन सेकंद. टॉवेलाचा काठ अजून नागमोडीच येतो. बायको त्यालाच हात पुसते, बोलत काही नाही.